‘न’ न उमटणारा फोन

बाजाराने आजवर भल्याभल्यांना टोपी घातली असेल, पण बुद्धभूषण पगाऱ्यांना घालून दाखवावी! हे आव्हान खुद्द पगारेच रोज कुणाला ना कुणाला देत असत. ऑफिसात देत, सोसायटीच्या जिन्यात देत, समोर कोणी नसलं तर दाढी करताना आरशाला देत. नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक. बावीस वर्षं टिपण्या लिहून त्यांना सवयच जडली होती, की सगळ्या बाजूंनी तपासल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. लग्नाआधी मुलगी पाहायला गेले, तेव्हा निघताना त्यांनी “विचारांती कळवतो” असं सांगितलं होतं. त्यावर मुलीने, म्हणजे अंजलीने, “लवकर कळवा, नाहीतर मीच विचारांती कळवीन,” असं उत्तर दिलं, म्हणून ते लग्न तरी वेळेत झालं.

फोनच्या बाबतीत मात्र त्यांना असं घाईला आणणारं कोणी नव्हतं.

झालं होतं असं, की चौदा महिन्यांपूर्वी गंगापूर रोडला मेथीची जुडी निवडायला वाकले असताना त्यांच्या शर्टाच्या खिशातून फोन निसटला आणि थेट फुटपाथवर आपटला. उचलून बघतात तो वरपासून खालपर्यंत एक तडा! फोन चालू होता, आवाज येत होता, फक्त तड्याच्या रेषेवर बोट ठेवलं की त्याला कळत नव्हतं. बारीक दोऱ्याएवढी पट्टी बहिरी झाली होती, बाकी फोन ठणठणीत.

“नवीन घेऊन टाका,” अंजली म्हणाली.

“घ्यायचाच आहे! पण कोणता आणि कधी, हे आधी ठरलं पाहिजे.”

“दुकानात जाऊन ठरवा.”

“दुकानात जाऊन ठरवणारे फसतात, अंजली!”

आणि पगाऱ्यांनी दोनशे पानी वही आणली. वहीत उभे रकाने पाडले. बॅटरी, कॅमेरा, मेमरी, वजन, तापतो का, किती तापतो, कोण म्हणालं. मग भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली, आणि तिथेच त्यांचं डोकं फिरायला लागलं. ऑफिसातला जीवन म्हणाला, “साहेब, कॅमेरा बघू नका, आतला प्रोसेसर बघा.” खालच्या मजल्यावरचे सहादूकाका म्हणाले, “प्रोसेसर कोणाला दिसतो? कॅमेरा बघा!” सलूनवाला म्हणाला, दोन्ही बघू नका, बॅटरी बघा. बँकेच्या रांगेतला एक अनोळखी गृहस्थ तर त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, “आत्ता घेऊच नका. पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय.”

हा पुढचा महिना म्हणजे पगाऱ्यांचा खरा वैरी! दसऱ्याला घ्यायचं ठरलं, तर दिवाळीत सेल लागणार असं कळलं. दिवाळीत कळलं, की नव्या वर्षात जुनी मॉडेलं उतरतात. जानेवारीत उतरली, पण तोवर नवी आली होती आणि आता ती उतरायची वाट पाहणं शहाणपणाचं होतं. चौदा एप्रिलला जयंतीच्या गडबडीत वेळ नव्हता. वही भरत आली. पगाऱ्यांना आता तेवीस मॉडेलांची वजनं ग्रॅममध्ये पाठ होती, आणि कोणता घ्यावा हे पहिल्या दिवशीपेक्षा कमी कळत होतं.

इकडे तड्याशेजारची बहिरी पट्टी रुंद होत चालली. दोऱ्याची सुतळी झाली, सुतळीची नाडी झाली. एप्रिलच्या शेवटी तिने फोन उचलायचं हिरवं बटण गिळलं. म्हणजे पगारे कोणालाही फोन लावू शकत, पण आलेला घेऊ शकत नसत! फोन वाजत राही आणि पगारे त्याच्याकडे, वरातीत हरवलेला माणूस बँडकडे बघतो तसे हताशपणे बघत राहत. तो वाजायचा थांबला की मग उलट लावत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पट्टी आणखी एक बोट सरकली आणि कीबोर्डवरचा ‘न’ तिच्या पोटात गेला.

पगाऱ्यांच्या हे नीटसं लक्षात आलं नाही. न कधी उमटे, कधी नाही. “जोरात दाबलं की येतो,” असा त्यांनी स्वतःपुरता निष्कर्ष काढला आणि न लिहायचा झाला की अंगठा असा दाबायचे, जणू पोलिसपाटलापुढे अंगठा उठवतायत!

अखेर त्या गुरुवारी चमत्कार झाला. जेवणाच्या सुट्टीत पगाऱ्यांनी डबा बंद केला आणि जाहीर केलं, “येत्या रविवारी मी फोन घेतोय!”

जीवनच्या हातातलं लोणचं पोळीवर पडलं. “कोणता साहेब?”

“ते शुक्रवार-शनिवारी ठरेल. रजा टाकलीय. पण रविवार नक्की!”

आता रविवार नक्की म्हटल्यावर आजूबाजूची कामं उरकून टाकायला हवी होती. तीन जणांना तीन गोष्टी कळवायच्या होत्या आणि तिन्ही नकाराच्या होत्या. चष्मा घरी राहिला होता. पण बावीस वर्षं टिपण्या लिहिणाऱ्याला दोन ओळी लिहायला चष्मा कशाला? पगाऱ्यांनी अंगठा सरसावला.

पहिला निरोप देवळ्याला, खंडेराव आहेरांना. पगाऱ्यांची पहिली नेमणूक देवळ्याला झाली, तेव्हा ते या आप्पांच्याच घरी भाड्याने राहिले होते. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आप्पा दोन गोण्या कांदे पाठवत. गेल्या वर्षीच्या कांद्यांना गॅलरीत मोड आले, वास सुटला, शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले. म्हणून पगाऱ्यांनी लिहिलं: “आप्पा, या वर्षी कांदे पाठवू नका. घरात जागा नाही.”

दुसरा मनमाडला, मेव्हण्याला. अंजलीचा धाकटा भाऊ भिकन रेल्वेत होता. त्याने सकाळीच विचारलं होतं, “दाजी, रविवारी काय बेत?” हा बायकापोरांसह येऊन थडकणार हे ओळखून पगाऱ्यांनी लिहिलं: “भिकन, रविवारी सगळे येऊ नका. आम्ही घरी नाही.”

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. त्यांच्या अधिकारी निकिता देवरे मॅडम यांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं होतं, की पेठच्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे, ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी आपली इच्छा आहे की नाही ते आज पाचपर्यंत लेखी कळवावं. बदल्यांचे दिवस! अंजलीची शाळा नाशकात, घराचे हप्ते नाशकात, आणि इकडे हे घाटापलीकडे खोली घेऊन राहणार? पगाऱ्यांनी ठामपणे लिहिलं: “नमस्कार मॅडम. मी जाणार नाही. नाशिक सोडणार नाही.”

आप्पांकडून काहीच उत्तर आलं नाही. भिकनकडून उभा अंगठा आला. आणि ग्रुपवर टाळ्या! एक नाही, दोन नाही, सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या! मॅडमनी तर हात जोडले. पगाऱ्यांची छाती फुगली. नुसतं ठाम बोललं तर लोक केवढे भारावतात!

शुक्रवार आणि शनिवार त्यांनी दुकानांत घालवले. प्रत्येक दुकानातून ते वेगळा निर्णय घेऊन बाहेर पडत आणि पुढच्या दुकानाच्या पायरीवर तो बदलत.

रविवारी सकाळी साडेसातला खाली गाडीचा भोंगा वाजला. असा वाजला की तिसऱ्या मजल्यावर पगाऱ्यांच्या हातातला दाढीचा ब्रश गालावरून कानात गेला. मागोमाग हाक आली.

“पगारेसायेब! खाली या!”

गॅलरीतून बघतात तो खाली पिकअप उभी. पिकअपमध्ये गोण्याच गोण्या. आणि गोण्यांपुढे पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि लालबुंद चेहरा घेऊन खंडेरावआप्पा! पगारे तोंडाला फेस तसाच ठेवून धावत खाली गेले, मागून अंजली.

“आप्पा! तुम्ही? अचानक?”

“सायेब, मी तुमचं काय वाकडं केलं?” आप्पांनी विचारलं. “चार वर्सं माझ्या घरात ऱ्हायले. माझ्या घरच्या लंकाबाईने सख्ख्या भावावानी जेवू घातलं. आन् आज मला इचारता, कांदे पाठवू का?”

“मी? कांदे? तुम्हाला?”

“मला! देवळ्याच्या खंडेराव आहेरला! नाशिकहून कांदे पाठवणार! कांद्याच्या चार चाळी भरल्यात माझ्या, सायेब! वर इचारता, घरात जागा हाय? लंकाबाई दोन दिस जेवली नाय नीट. म्हणे, आपल्यावर हसले ते.”

“अहो, मी असं लिहिलंच नाही!”

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि अंजलीच्या हातात दिला. “ताई, तुम्ही मास्तरीण हायेत. वाचा.”

अंजलीने वाचलं. “‘आप्पा, या वर्षी कांदे पाठवू का. घरात जागा आहे.’” तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. तोंडावर फेस असल्यामुळे चेहऱ्यावरचे भाव कळत नव्हते, पण डोळे भोपळ्याएवढे झाले होते.

“मी ‘नका’ लिहिलं होतं! पाठवू नका! जागा नाही!”

“तुमचा फोन द्या,” अंजली शांतपणे म्हणाली. पगाऱ्यांनी दिला. “आता माझ्यासमोर लिहा. नको.”

पगाऱ्यांनी सगळा जोर अंगठ्यात आणून दाबलं. पडद्यावर उमटलं: को.

“पुन्हा.”

को को.

“कोंबडं पाळलंय का फोनात?” आप्पांनी विचारलं.

“आता ‘नाही’ लिहा.”

न गायब झाला आणि उरलेल्या अक्षरांचं काय करावं हे न कळून फोनने आपल्या अकलेने त्यांचं ‘आहे’ करून टाकलं. अंजलीने कपाळावर हात मारला. सगळा प्रकार तिने आप्पांना समजावून सांगितला. आप्पांना कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं तेव्हा ते असे हसायला लागले, की टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

“म्हंजे तुम्हाला कांदे नको व्हते?”

“तसं नाही आप्पा...”

“मंग ऱ्हाऊ द्या! मी रागाच्या भरात धा गोण्या आणल्यात!”

पगारे दहा गोण्यांकडे बघत असतानाच अंजलीने तो प्रश्न विचारला, ज्याने त्यांच्या तोंडावरचा फेस वाळून गेला.

“आणखी कोणाकोणाला ‘नाही’ म्हणालात?”

पगारे आठवू लागले. त्यांना आठवायची गरज पडली नाही, कारण अंजलीच्या हातातला तिचा फोन वाजला. पलीकडून भिकनचा आवाज सगळ्या पार्किंगमध्ये ऐकू आला.

“जय भीम ताई! कोणत्या गाडीने येताय? आई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलीय, आत यायला तयार नाही! मटण चढवलंय. कुसाबाई आत्याला बोलावलंय, येवल्याची मंडळी निघालीत. दाजींनी स्वतःहून विचारलं ना, रविवारी सगळे येऊ का! आणि त्यांना सांग, मला ‘भिक’ म्हणाले तरी मी काही मनावर घेतलं नाही.”

अंजलीने एक क्षण नवऱ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाली, “निघतोच आम्ही.”

“अगं पण आज फोन...”

“आई दारात बसलीय,” अंजली म्हणाली, आणि त्या स्वरावर कुठलीही टिपणी टाकता येण्यासारखी नव्हती. “दोनच होते ना? आप्पा आणि भिकन?”

पगाऱ्यांचा आवाज इतका खाली गेला, की ऐकायला आप्पांनी कान पुढे केला.

“ऑफिसचा ग्रुप.”

अंजलीने त्यांच्या फोनवर ग्रुप उघडला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग पार्किंगच्या खांबाला टेकून मोठ्याने वाचलं. “‘मस्कार मॅडम. मी जाणार आहे. आशिक सोडणार आहे.’”

आप्पांनी टोपी पुन्हा डोक्यावर नीट बसवली.

“आशिक कोण?” आप्पांनी जपून विचारलं.

“नाशिक! आप्पा, नाशिक!” पगारे ओरडले. “आणि मी कुठेही जाणार नाही!”

“हे मॅडमना सांगा, मला नको,” अंजली म्हणाली. “शाळा सोडून मी पेठला येणार नाही, आधीच सांगते. माझ्या फोनमध्ये न आहे.”

पगाऱ्यांनी मॅडमना फोन लावला. बंद. रविवारी मॅडम फोन बंद ठेवतात हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. जीवनला लावला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला. “साहेब, अभिनंदन! प्रस्ताव शुक्रवारीच वर गेला! उद्या तुमचा निरोप समारंभ. साहेब, एक विचारायचं होतं, तुमच्या टेबलाच्या डाव्या खणाची किल्ली कुठे असते?”

आता रविवारी करण्यासारखं काहीच नव्हतं. आप्पा म्हणाले, “बसा गाडीत. मी मनमाडवरून जाईन.” दोन गोण्या जिन्याखाली उतरवल्या आणि उरलेल्या आठ गोण्यांसकट वरात निघाली. पुढच्या सीटवर आप्पा, अंजली आणि दाराला चिकटून, घाईत अर्धीच दाढी उरकलेले पगारे. पिंपळगाव गेलं, चांदवड आलं. प्रत्येक गावात एक मोबाईलचं दुकान दिसे, त्यावर ‘आज शेवटचा दिवस’ असा फलक दिसे, आणि पगारे मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहत.

मनमाडला भिकनच्या दारात सतरंज्या टाकल्या होत्या. तीस-पस्तीस माणसं तरी असतील. पिकअप थांबली तशी पोरांनी ओरडा केला. “आत्या आली! फुवा आले! कांदे आले!” भिकनने गोण्या बघितल्या आणि त्याचे डोळे भरून आले. “दाजी, एवढं आणायची काय गरज होती?”

पगाऱ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा आकाशाकडे बघत होते.

दारातल्या खुर्चीवर सासूबाई, सुलाबाई, बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांचं नाशिकला येणं कधीच बंद झालं होतं. त्यांनी पगाऱ्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

“चार वर्सं झाली, जावईबापू, निवांत असे आला नाय,” त्या म्हणाल्या. “लग्न असलं, मयत असलं, तर येता. तासभर बसता, घड्याळ बघता. आपण होऊन ‘येऊ का’ असं तुम्ही पयल्यांदा इचारलं. भिकनने मला तीनदा वाचून दाखवलं.”

 खरं सांगावं म्हणून पगाऱ्यांनी तोंड उघडलं. समोर अंजली उभी होती, भावजयीच्या खांद्यावर हात टाकून, शाळेतल्या मुलीसारखी हसत. पगाऱ्यांनी तोंड मिटलं. “गाडीला जरा उशीर झाला,” एवढंच म्हणाले.

जेवण असं झालं, की आप्पांनी लंकाबाईला फोन लावून तिला भिकनच्या बायकोकडून मसाला विचारून घ्यायला लावला. दुपारी सगळे पंख्याखाली आडवे झाले, तेव्हा भिकनने हळूच विचारलं, “दाजी, नवीन फोन घेताय म्हणे? आमच्या ऑफिसात एक जण सांगत होता, आता घेऊ नका, पुढच्या महिन्यात...” पगाऱ्यांनी पांघरूण नसतानाही ते डोक्यावर ओढल्यासारखं केलं.

सोमवारी पगारे ऑफिसात पोचले, तेव्हा दारावर फुलांची माळ होती. आत त्यांच्या खुर्चीवर जीवन बसला होता. खिडकीजवळची, बरोबर पंख्याखालची ती खुर्ची मिळवायला पगाऱ्यांना अकरा वर्षं लागली होती. टेबलावर जीवनची पाण्याची बाटली होती, जीवनच्या मुलीचा फोटो होता आणि मागच्या भिंतीवर जीवनचं कॅलेंडरही होतं.

“या साहेब, बसा ना!” जीवन पाहुण्यांच्या स्टुलाकडे हात करून म्हणाला.

“ऊठ!” पगारे गरजले आणि तडक मॅडमच्या केबिनमध्ये शिरले.

देवरे मॅडम शांत बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पगाऱ्यांचा फोन मागून घेतला, स्वतः ‘न’ दाबून पाहिला. एकदा दाबला, दोनदा दाबला, मग खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. खुर्ची परत वळली तेव्हा चेहरा गंभीर होता.

“पगारे, मला वाटलं तुम्ही भावनेच्या भरात लिहिलंत. आशिकचा अर्थ लागला नाही, पण म्हटलं खासगी बाब असेल.”

“मॅडम, प्रस्ताव मागे घ्या! काय लागेल ते लेखी देतो. हाताने!”

“त्याची गरज नाही. वरून सकाळीच उत्तर आलंय. तुमचं नाव नामंजूर झालं.”

पगाऱ्यांचे पाय जमिनीला लागले. “नामंजूर! छान! म्हणजे फार चांगलं झालं! कारण काय दिलंय?”

मॅडम जरा घुटमळल्या. “तुमची संमती म्हणून मी त्या मेसेजची प्रत जोडली होती. त्यावर साहेबांनी शेरा मारलाय.” त्यांनी कागद पुढे सरकवला.

पगाऱ्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘सदर कर्मचाऱ्याचे मराठी लेखन पाहता त्यांना स्वतंत्र कार्यालयाचा पत्रव्यवहार सोपवणे उचित वाटत नाही. त्यांना प्राथमिक टिपणीलेखनाच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणास पाठवावे.’

बावीस वर्षं! जिल्ह्यात कुठेही टिपणी अडली, तर “पगाऱ्यांना दाखवा” असं म्हणत! पगाऱ्यांनी तो कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की शेऱ्यात एकही चूक नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

बाहेर आले तर समारंभाची मंडळी ताटकळली होती. पगारे जात नाहीत हे कळल्यावर सतरा चेहऱ्यांवर जो आनंद दिसायला हवा होता, तो शोधायला त्यांना बराच वेळ लागला. शेवटी कोणीतरी म्हणालं, शाल आणलीच आहे, दुकानदार परत घेत नाही. तेव्हा मे महिन्याच्या त्या उकाड्यात, कुठेही न जाणाऱ्या पगाऱ्यांच्या खांद्यांवर लोकरीची शाल घालण्यात आली. जीवनने आपलं कॅलेंडर काढलं, पण खिळा तिथेच ठेवला.

संध्याकाळी अंजली शाळेतून परस्पर गंगापूर रोडला आली. पगारे वही घेऊन दुकानाबाहेर उभे होते.

“तुमच्या जागी दुसरा माणूस त्यांनी जेवणाच्या एका सुट्टीत ठरवला,” ती म्हणाली. “रकाने न पाडता. चला.”

दुकानातली मुलगी हसतमुख होती. पगाऱ्यांनी वही उघडली आणि एकेक मॉडेल वाचून दाखवायला लागले. मुलगीही वहीत डोकावून बोट फिरवत गेली. पहिलं पान झालं, दुसरं झालं.

“काका,” ती हळुवारपणे म्हणाली, “यातला एकही आता येत नाही. सगळे बंद झाले.”

“तेवीसच्या तेवीस?”

“हा एक मिळेल कदाचित. पण त्याचं फक्त कव्हर.”

पगारे स्टुलावर बसले. वहीची पानं पंख्याने आपोआप उलटत राहिली. तोवर अंजलीने काउंटरवरचे चार फोन हातात घेऊन पाहिले, एक कानाला लावला, आणि विचारलं, “यात न आहे का?”

“आहे ना मॅडम!”

“द्या.”

सहा मिनिटं लागली. बिल झालं, पैसे दिले, खोक्यावरचं सील फुटलं. पगारे नवा फोन हातात घेऊन त्याचं वजन मनातल्या मनात अजमावत होते. जड वाटत होता. घाई झाली असं वाटत होतं.

“काका, जुना फोन बदल्यात द्यायचाय ना? बघू,” मुलगी म्हणाली. तिने तडा गेलेला फोन उजेडात धरला, कोपऱ्याला नख घातलं आणि भेंडीचं देठ मोडावं तशा सहजतेने वरची काच उचलून बाजूला ठेवली. खाली पडदा होता. गुळगुळीत, चकचकीत, अख्खा! त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

“काका, फोन चांगलाय. फक्त वरचं संरक्षक काचेचं कव्हर फुटलं होतं. ते उचललं गेलं की टच लागत नाही. पाच मिनिटांचं काम होतं.” तिने कीबोर्ड उघडून दाबून दाखवलं. न न न न न न, पडदाभर न उमटले!

अंजलीने नवऱ्याकडे पाहिलं. एक हात नव्या फोनवर, एक हात बिलावर, खांद्यावर लोकरीची शाल. पगाऱ्यांनी बराच वेळ दोन्ही फोनकडे आळीपाळीने बघितलं. मग घसा साफ केला.

“तरी मी म्हणत होतो, अंजली,” ते म्हणाले, “अजून थोडं थांबायला हवं होतं!”